एन्ट्रॉपी मोजली म्हणजे सिंधू लिपी वाचली का?

अवलिया_७७: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "२००९च्या 'सायन्स' या नियतकालिकातल्या एन्ट्रॉपीच्या पेपरने सिंधू लिपी भाषाच असल्याचं सिद्ध झालं, आता फक्त वाचायची बाकी." फक्त! एन्ट्रॉपीचं हे गणित मांडणाऱ्या शॅननने १९४८मध्ये आपल्या पेपरच्या पहिल्याच पानावर सांगून ठेवलंय की अर्थाशी आपल्या गणिताला कर्तव्य नाही. एका चिन्हानंतर दुसरं कुठलं येईल याचा अंदाज कितपत बांधता येतो, एवढंच ही एन्ट्रॉपी सांगते. अर्थ आणि हेतू हे वरचे मजले. तिथे हा जिना जात नाही.

रेघोट्या: त्या पेपरात आपल्या टीआयएफआरचे (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे) लोक होते, सिंधू लिपीचे अभ्यासक महादेवन होते. "वाचली" असं त्यांनी कुठे म्हटलंय? डीएनए, प्रथिनं, फोरट्रान ही संगणकाची भाषा यांच्याशी ताडून पाहिलं, सिंधू चिन्हं भाषांच्या जवळ निघाली. बस. पेपर वाचलात की बातमी?

अवलिया_७७: दोन्ही. फार्मर, स्प्रोट, विट्झेल हे अभ्यासक २००४पासून सांगतायत की सरासरी पाचेक चिन्हांचे लेख म्हणजे लेखन नव्हे. भाषा नसलेल्या चिन्हमालाही एन्ट्रॉपीच्या त्याच पट्ट्यात बसतात.

गावकरी_तात्या: अक्षरं येऊनही अर्थ लागत नाही म्हणजे काय, ते आम्हाला विचारा. घरच्या रुमालातला, म्हणजे जुन्या कागदांच्या गाठोड्यातला, मोडी कागद दोन जाणकारांना दाखवला. एक म्हणाला इनाम, दुसरा म्हणाला गहाण. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द तोडलेले नाहीत. पैसे मात्र दोघांनी घेतले. तेव्हापासून भावकीत बोलणं बंद.

दौत_टाक: दोष लिपीचा नाही, तुमच्या जाणकारांचा. शाळेतून मोडी काढली तिथेच घात झाला. पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद पडलेत, वाचणारे कुठे आहेत?

गावकरी_तात्या: शाळेत मोडी? नातवाला देवनागरी धड लिहिता येत नाही!

रेघोट्या: अहो, धागा सिंधू लिपीचा आहे!

दौत_टाक: तेच सांगतोय, ऐकून तर घ्या. कागद कशासाठी केला ते आधी ठाऊक असेल तर अक्षरं भराभर लागतात. व्हेंट्रिसने १९५२मध्ये लिनिअर बी ही प्राचीन ग्रीसमधली लिपी उलगडली, पण त्या याद्या आहेत हे आकडे आणि रथांच्या चित्रांवरून आधीच कळलं होतं. लोथलला, गुजरातेतल्या सिंधूकालीन गावी, मातीच्या ठशांच्या पाठीवर बांधाबांधीचे वण आहेत. माल मोहोरबंद केलेला दिसतोय, अक्षर एकही कळत नाही. अवलिया, तुमच्या वरच्या मजल्यावर लोक खालून न जाताच पोचलेत.

अवलिया_७७: बरं, हेतू आधी कळू शकतो. मान्य. पण मग एन्ट्रॉपीला काम काय उरलं? माझीच बाजू भक्कम केलीत, आभारी आहे.

रेघोट्या: काम आहे. सिंधू लिपी उलगडणाऱ्याला तमिळनाडूने २०२५मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय. आता जो तो मुद्रा "वाचून" आणणार. त्यांचं वाचन चिन्हांच्या क्रमाशी जुळतं का, हे कशाने तपासणार? तुमच्या तोंडाने?

अवलिया_७७: चाळणी म्हणून ठेवा. पुरावा म्हणून मिरवू नका.

गावकरी_तात्या: बक्षीस राहू द्या, माझा कागद कुणी वाचणार का? फोटो टाकतो.

दौत_टाक: टाका. तारीख शुहूर सनातली (मोडी कागदांतल्या जुन्या कालगणनेतली) आहे का तेवढं बघा. आणि वाचन तुमच्या विरोधात गेलं तर माझ्याशी भांडायचं नाही.