डोंगरकड्यावर १८ मीटरचा रेडिओ टॉवर : वाऱ्याचा दाब कमी धरायचा की जास्त? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा, परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या गल्लीत मोबाईल मुके झाले होते. तेव्हापासून उंचावर एक भक्कम अँटेना उभी करायची, हे डोक्यात आहे. पन्हाळ्याच्या बाजूला मामांचं रान आहे, डोंगराच्या पश्चिम कड्याला लागून, उंची साधारण ९०० मीटर. तिथं ताणाच्या तारांवर १८ मीटरचा लॅटिस (लोखंडी जाळीचा) टॉवर बसवायचाय.

उद्यमनगरात ज्यांच्याकडून सांगाडा करून घेतोय ते म्हणतात, "वर हवा विरळ, वाऱ्याला जोर कमी. अँगल (एल आकाराच्या लोखंडी पट्ट्या) हलके चालतील." हवा विरळ असते हे खरंच. बांधकामावरच्या भारांसाठीच्या अमेरिकेच्या एएससीई ७-१६ या मानकात त्यासाठी गुणक आहे, तो ९०० मीटरला ०.९० च्या आसपास येतो. पण ही तुलना समुद्रसपाटीशी. कोल्हापूर शहरच साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळं शहर आणि कडा यांत फरक जेमतेम ४ टक्के पडतो.

मला भीती कड्याचीच वाटते. वाऱ्याच्या भारासाठीचं भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ (२०१५) याप्रमाणे दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. पुण्याचा ३९ मीटर प्रति सेकंद हा वेग धरला आणि बाकीचे गुणक १ ठेवले, तर चौरस मीटरला सुमारे ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलो भरतात. मात्र चढ ३ अंशांहून जास्त असला की भूरचनेचा के३ गुणक लागतो, तो १.३६ पर्यंत जातो. वेगाचा वर्ग होत असल्यानं दाब थेट १.८५ पट, म्हणजे १७२ किलो! विरळ हवेचे १० टक्के वजा केले तरी दीडपटीच्या वरच राहतो.

आता अडलंय ते असं. आयएसमधला ०.६ हा भारतातल्या सरासरी हवामानावर बेतलेला आहे. तो उंचीपायी कमी केलेला डिझाइन तपासणारे इंजिनिअर मान्य करतात का? माझा कल तो तसाच ठेवण्याकडे आहे.

दुसरं, टॉवर कड्यापासून मागं घेऊन काही साधेल का? कडा १२० मीटर उंच, उतार १७ अंशांहून जास्त. मानकाच्या हिशेबानं कड्याची परिणामकारक आडवी लांबी (उंची भागिले ०.३) ४०० मीटर येते आणि कड्याचा प्रभाव मागं त्याच्या अडीच पट, म्हणजे १००० मीटरपर्यंत राहतो. मामांचं रान दीडशे मीटरात संपतं. तेवढ्यात के३ किती उतरेल, हे कुणी मानकातल्या आलेखावरून काढून दाखवेल का?

आणि जांभ्यात ताणाच्या तारांचे अँकर कुणी रोवले असतील, तर किती खोल गेलात आणि ओढून तपासलेत का, तेवढं कृपया सांगा. सांगाड्याचं काम मी तोवर थांबवलंय.