गाऱ्हाणं घालता येत नाही, पण आभार मानायचेत. काय म्हणायचं?

रायवळ:
आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. हापूसची सत्तर-ऐंशी कलमं, थोडे काजू. वडील गेल्या श्रावणात गेले, तेव्हापासून बाग माझ्याकडे. त्याआधी मी मुंबईला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो.

पहिला आंबा उतरवायच्या आधी वडील फणसाखालच्या दगडापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने हाक, घालायचे. 'बा देवा महाराजा' झालं की ठिकाणदार, राखणदार, कुलदेवता, ग्रामदेवता, गावची शीव, सगळी नावं एका दमात. आम्ही पोरं मागे 'होय महाराजा' म्हणायला. मला तेवढंच येतं. एकट्याने 'होय महाराजा' कुणाला म्हणू?

शेजारचे काका म्हणतात, तुझ्या वतीने मी घालतो. घालतीलही. पण त्यांच्या गाऱ्हाण्यात सगळं मागणंच: पोराबाळांना सांभाळ, इडापिडा टाळ, वाकड्या वाटेने येईल ते परत पाठव. मला यंदा मागायचं काही नाही. ढगाळ हवा येऊनही मोहोर काळा पडला नाही, तुडतुडे आटोक्यात राहिले, आणि बायकोची गाठ काढली ती साधी निघाली. मी उपासतापास करणारा नव्हे. तरी संध्याकाळी बागेतून परतताना कुणाला तरी काहीतरी म्हणावंसं वाटतं. तुमच्या घरी काय करतात?

चुलीकडची मावशी:
अरे झिला, गाऱ्हाणा म्हणजे काय परीक्षेचो पेपर नाय. तुझो बापूस एवढी नावा कित्या घेय होतो? जेंच्या जीवार आपण जगतों, तेंका आधी हाक मारूची म्हणान. मागणा मागसून. तुका ती नावा येयत नसतील तर येतत ती घे. फणसाचा घे, बावीचा घे. मी रोज सकाळी चुलीक हळदकुंकू लावतंय, आता गॅस इलो तरी शेगडेक लावतंय. सून हसता. हसांदे. आणि 'होय महाराजा' म्हणूक कोण नाय कसो? बायलेक घेवन जा.

रापणकर:
आमच्याकडे नारळ समुद्राला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमा. इतर लोक काय काय बोलतात, माझा बाबा नारळ सोडताना तोंडातून शब्द काढत नाही.

त्याचं सगळं बोलणं रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या, वाट्यात असतं, असं मला वाटतं. आमच्या किनाऱ्यावर रापणीच्या दोराला वाटेने जाणाऱ्याने हात लावला तरी त्याला मूठभर मासळी मिळते. बाबा आपल्या वाट्यातली थोडी वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाईसाठी काढतो. तिचा नवरा त्याच्यासोबत होडीवर असायचा. पिशवी दाराच्या कडीला अडकवतो आणि मागे न बघता येतो. ती कधी 'कशाला रे' म्हणत नाही. मात्र बांगडा शिळा असला तर दुसऱ्या दिवशी शिव्या घालते.

रोखठोक:
स्पष्टच लिहितो. कलमांवरची माकडं कोण हाकलतं? तुमच्याकडे राखणीला नेपाळी असतीलच. मोहोर धरल्यापासून शेवटची पेटी वाशीला जाईपर्यंत बायकापोरांसकट बागेतल्या खोपीत राहतात, आणि पावसाच्या तोंडावर हिशेब चुकता केला की आपण त्यांना विसरतो. राखणदाराला नारळ जरूर ठेवा, पण राखण करणाऱ्यालाही काही द्या. डागी आंबा नको, पेटीतला. आणि बायकोला सांगितलंत का, गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत घाबरलो होतो म्हणून? आधी ते करा, मग दगडाकडे वळा.

रायवळ:
मावशी, बायकोला विचारलं. म्हणाली, येते, पण नावं मी घेणार, तुम्ही 'होय महाराजा' म्हणा. तिच्या यादीत पहिली ती नर्स, जी ऑपरेशनच्या रात्री तिचा हात धरून बसली होती. मग सासरे, म्हणजे माझे वडील. मग आमची गाय. माझा नंबर फणसाच्या खाली लागलाय.

रोखठोक, घाबरलो होतो हे सांगितलं. तिला ठाऊकच होतं. मी तेव्हा भाजीत दोनदा मीठ घातलं होतं म्हणे. आणि आमचा दाजू, म्हणजे राखणीचा नेपाळी, म्हणतो, आंबा नको, खाऊन कंटाळा आला. पोराला शाळेसाठी गावी पाठवायचंय, गाडीभाडं द्या. ते हिशेबाबाहेर देतोय.

आता एकच. नारळ फोडल्यावर एक कवड दगडाशी ठेवायची, की सगळं खोबरं वाटायचं? चुलते आणि आत्या यांचं यावर वाजलंय.

चुलीकडची मावशी:
पाणी दगडार सोड, खोबरा सगळा वाट. ठेवलेली कवड माकडा नेतत, आणि एकदा चटक लागली की आंब्याक येतत.