चौदा वर्षं फक्त काळं घातलं. आता पिवळा शर्ट घेतलाय, पण घालवत नाही. मदत हवी आहे

विंगेतली:

प्रश्न क्षुल्लक आहे हे आधीच मान्य करते. घरी विचारून पाहिलं, घरचे हसले, म्हणून धागा काढतेय.

गेली चौदा वर्षं मी फक्त काळे कपडे घालते. फक्त म्हणजे अगदी मोज्यांपासून छत्रीपर्यंत. सुरुवात हौसेनं झाली नव्हती. मी नाटकांच्या प्रकाशयोजनेत काम करायचे, आणि विंगेत वावरणाऱ्यानं काळंच घालायचं असतं, अंधारात हालचाल झाली तरी प्रेक्षकांची नजर तिकडे जाऊ नये म्हणून. ते काम थांबून सहा वर्षं झाली, आता रीतसर टेबल-खुर्चीची नोकरी आहे. काम सुटलं, कपडे नाही सुटले. सकाळी कपाटात हात घालावा, वर येईल ते अंगावर चढवावं, कशावरही काहीही चालतं. या सुखाची चटक वाईट.

आणि "काय ते एकच एक काळं" म्हणणाऱ्यांना एकदा माझं कपाट दाखवायला हवं. नव्या सुती शर्टाचा काळाकुट्ट वेगळा. सॅटिनचा काळाभोर वेगळा, त्याच्यावरून उजेड घसरतो. लोकरीचा काळामिट्ट उजेड गिळून बसतो. खूप धुतलेला तांबूस होतो. काही नग तर ट्यूबलाइटखाली सज्जनासारखे काळे असतात आणि उन्हात नेले की हिरवट निघतात. दोन काळे एकमेकांशी भांडणार की नाही हे मला दुरून कळतं. तेव्हा "रंगांची जाण वाढवा" हा सल्ला कृपया नको.

मग पिवळा कशाला? एका फोटोमुळे. ऑफिसात सगळ्यांचा एकत्र फोटो काढला, मागे गडद पडदा. फोटोत माझं डोकं आहे, दोन पंजे आहेत, मधलं काही नाहीच. विंगेत असताना हेच तर हवं असायचं. पण तो फोटो बघून पोटात कसंसंच झालं. पुढच्या आठवड्यात शर्ट घेतला. मातकट, पोक्त पिवळा नाही. पिवळाधमक.

त्यानंतर तीन प्रयोग झाले. पहिला, खाली काळी पँट आणि वर हा शर्ट. आरशात गांधीलमाशी. दारापर्यंत गेले, परत आले, शर्ट बदलला, ऑफिसला उशीर. दुसऱ्या वेळी वरून काळं जॅकेट घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढून दिवसभर बसले. आत पिवळं आहे हे फक्त मला ठाऊक. तिसरा सुट्टीच्या दिवशी, घरातच. खिडकीशी उन्हात वाचत बसले होते, उठून आरशात पाहिलं तर हनुवटीखाली आणि मानेवर पिवळट छटा, चेहरा आजारी. हा प्रकार मला नवा नाही. रंगमंचावर खालून पिवळा उजेड मारला की माणूस असाच दिसतो. फक्त इथे दिवा मीच अंगात घातला होता.

तर, पिवळा मला शोभत नाही, की माझ्या डोळ्याला सवय नाही? हे ओळखायचं कसं? खाली काय घालू? (माझ्याकडे काळ्याशिवाय पँटच नाही.) आणि "छोट्यापासून सुरुवात कर, एखादा लाल स्कार्फ घे" असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवत असतील त्यांना सांगते, करून झालंय. सगळ्या काळ्यावर एक लाल स्कार्फ म्हणजे अंधाऱ्या रंगमंचावर एकच स्पॉट. सगळं प्रेक्षागृह तिकडेच बघणार.

नुसता_वाचक:

काळ्यात चौदा वर्षं निभली ना? मग बदलायचं कशाला? चालू द्या की.

विंगेतली:

@नुसता_वाचक, कारण शर्ट परत घेत नाहीत. (हलकेच घ्या.)

दुपारची_उन्हं:

मला वाटतं तू चुकीच्या टोकाकडून सुरुवात केलीस. रंग चेहऱ्याजवळ आणायचाच कशाला? वर तुझं लाडकं काळं राहू दे आणि खाली रंग घाल. काळा शर्ट, लालभडक पँट. चेहऱ्यावर छटा पडायचा प्रश्न नाही, आणि टेबलामागे बसलीस की कुणाला दिसतही नाही. मी अशीच सुरुवात केली होती, मोरपंखी पँटपासून. आता माझ्याकडे राणी, गुलबक्षी, अबोली सगळं आहे आणि काळं एकही नाही, म्हणजे मीही दुसऱ्या टोकाला जाऊन पडलेच म्हणा.

विंगेतली:

लालभडक पँट! नुसतं वाचूनच घाम फुटला. टेबलामागे लपण्याचा मुद्दा मात्र आवडला.

शेडकार्ड:

कापड रंगवण्याच्या धंद्यात वीस वर्षं आहे, शेड जुळवणं हेच काम. त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

तुमचा पिवळा बिचारा निर्दोष आहे. गुन्हेगार ती काळी पँट.

पॅरिसला गोब्लँ म्हणून एक जुना कारखाना आहे, तिथे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं तयार होतात. १८२४ साली मिशेल-युजेन शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ तिथल्या रंगाईचा प्रमुख झाला. त्याच्याकडे तक्रार आली की तुमच्या काळ्या धाग्यात दम नाही, निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या चुण्यांत सावलीसाठी वापरला की मेल्यासारखा दिसतो. त्यानं दुसरीकडचे काळे धागे मागवून आपल्या धाग्याशी ताडून पाहिले. रंगात खोट नव्हती, खोट शेजाराची होती. मग तो याच्याच मागे लागला आणि १८३९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. सार एवढंच, की दोन रंग शेजारी आले की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून दाखवतो. गडदाशेजारचा उजळ आणखी उजळ दिसतो, उजळाशेजारचा गडद आणखी गडद.

आता काळ्याहून गडद काय असणार? म्हणजे पिवळ्याला सगळ्यात जास्त बोंबलायला लावेल असाच शेजारी तुम्ही त्याला दिलाय. गांधीलमाशीला तेच हवं असतं, "माझ्या वाटेला जाऊ नका" हे लांबून कळावं म्हणून. यंत्रांवर आणि पायऱ्यांच्या कडांवर धोक्याचे पट्टे काळे-पिवळे असतात तेही त्यासाठीच. तुम्ही तीच पाटी अंगावर चढवून ऑफिसला निघाला होतात. लाल स्कार्फचंही तसंच, तो छोटा असला तरी भोवती काळ्याचा समुद्र होता. छोट्यापासून सुरुवात करा हा सल्ला इतरांना लागू पडतो, नखशिखांत काळं घालणाऱ्याला उलटा पडतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. काळी चादर पसरा, शेजारी राखाडी टॉवेल. शर्टाची एक बाही चादरीवर, दुसरी टॉवेलवर. मग बोलू. पँट घ्यायची तर मध्यम राखाडी, खाकी किंवा जुन्या जीन्ससारखा उडालेला निळा. नवीकोरी गडद जीन्स नको, ती जवळपास काळ्याचंच काम करते.

विंगेतली:

@शेडकार्ड, आत्ता रात्री साडेअकराला चादर पसरून बसलेय. चादरीवरची बाही दिवा लावल्यासारखी दिसतेय, टॉवेलवरची नुसती बाही. एकाच शर्टाच्या आहेत हे माहीत असून डोळा ऐकत नाहीये. इतकी वर्षं दिव्यांवर रंगीत कागद चढवण्यात घालवली, काळ्या पडद्यापुढे फिका पोशाखही कसा उठून दिसतो हे रोज पाहिलं, आणि स्वतःच्या पँटला पडदा समजले नाही!

फाटे_फोडणारा:

माहितीपूर्ण प्रतिसाद. पण मूळ भीती रंगाची नाहीच, लोक बघतील याची आहे. २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्याला एका गायकाचा चेहरा छापलेला, घालायची लाज वाटेल असा टी-शर्ट घालून बाकीचे बसलेल्या खोलीत पाठवायचं. मग त्याला विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? उत्तरं यायची, जवळपास निम्म्या. खरोखर सांगता यायचं पाव भागाच्या आसपास लोकांना. आपल्यावर स्पॉट आहे असं फक्त आपल्याला वाटतं.

विंगेतली:

हे ऐकायला गोड आहे, पण माझी केस वेगळी. त्या मुलांना खोलीतल्यांनी सहा वर्षं रोज एकाच रंगात पाहिलेलं नव्हतं. नवा माणूस पिवळ्यात आला तर तो पिवळ्या शर्टातला माणूस. मी आले तर बातमी.

फाटे_फोडणारा:

मान्य, हा फाटा मला सुचायला हवा होता. मग बातमी शिळी करा. महिन्यातून एकदा घातलात तर दर वेळी पहिला दिवस. एकाच आठवड्यात तीनदा घाला, तिसऱ्यांदा कुणी मान वर करणार नाही.

दोरीवरचं_धुणं:

सगळे शर्ट घालण्याच्या मागे, धुण्याचं कुणीच बोलेना. ताई, तुम्ही आजवर कपडे वेगळे काढून धुतले नसणार, कारण वेगळं काढायला काही नव्हतंच. आता ती चैन संपली. गडद काळा रंग पहिल्या काही धुण्यांत सुटतो, आणि सुटला नाही तरी नुसता घासूनही लागतो. पांढरा रुमाल ओला करून काळ्या कपड्याच्या आतल्या शिवणीवर जोरात घासून बघा, रुमाल सांगेल. आणि गळ्यापर्यंत चेन ओढून दिवसभर घातलेल्या जॅकेटची गोष्ट वाचली तेव्हाच धस्स झालं. शर्टाची कॉलर आतून-बाहेरून बघा.

विंगेतली:

बघितली. घडीच्या कडेला काळसर रेघ आहे. :(

दोरीवरचं_धुणं:

इस्त्री मारू नका आणि गरम पाणी नको. थंड पाण्यात साबण लावून बोटांनी हलकेच चोळा. एका वेळेत गेली नाही तर वाळू न देता पुन्हा चोळा.

विंगेतली:

अपडेट, अकरा दिवसांनी.

कॉलरची रेघ दुसऱ्या चोळण्यात गेली. बहिणीची जुनी राखाडी पँट मागून आणली, कमरेला सैल आहे पण पट्ट्यानं भागतं. @फाटे_फोडणारा यांच्या हुकमाबरहुकूम सोमवार, बुधवार, शुक्रवार असा शर्ट घातला.

सोमवारी जिन्यातून परत फिरावंसं वाटलं, फिरले नाही. ऑफिसात तिघांनी विचारलं. एक "आज काय विशेष?", त्याला मी घोकलेलं उत्तर देऊन टाकलं. दुसरी "छान दिसतेय" म्हणून पुढे गेली. तिसऱ्यानं बराच वेळ निरखून विचारलं, "केस कापलेस का?" म्हणजे बदललंय हे कळलं, काय ते कळलं नाही. ज्याला मी बातमी समजत होते तिची ही अवस्था. शुक्रवारी कुणी काही बोललं नाही, आणि खरं सांगायचं तर जरासं वाईटच वाटलं.

हनुवटीवरच्या पिवळ्या छटेवर तोडगा निघाला. वरची तीन बटणं उघडी आणि आत काळा टी-शर्ट. गळ्याजवळ काळं आलं, छटा गेली. ही फसवणूक आहे असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. टी-शर्ट जुना घेतला, ओला रुमाल घासून पाहिला आणि मगच घातला.

शोभतो की नाही याचं उत्तर अजून नाही, पण दिव्यांवर बरंच आहे एवढं कळलं. ऑफिसच्या पांढऱ्या दिव्यांत तो किंचित हिरवट होतो. संध्याकाळी घरच्या पिवळ्या दिव्यात इतका फिका पडतो की पांढराच वाटावा. उन्हात तो खरा, आणि उन्हात मी फारशी नसतेच.

आता नवा प्रश्न. एका पिवळ्या शर्टासाठी मशीन लावायचं का?

दोरीवरचं_धुणं:

मशीन भरेल इतके रंगीत कपडे जमेपर्यंत बादलीत धुवा.

दुपारची_उन्हं:

लालभडक पँट घेतलीस तर लवकर भरेल.

दोरीवरचं_धुणं:

लाल आणि पिवळं एकत्र नको हो!