पहिलीची तुकडी फोडावी की मदतनीस नेमावी?

पाटीपेन्सिल: शाळा व्यवस्थापन समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिलीत ३६ मुलं आहेत; एक तर दोन तुकड्या करायच्या, नाहीतर वर्ग तसाच ठेवून मदतनीस घ्यायची. मदतनीस स्वस्त पडते. दोन्ही बाजू अमेरिकेतल्या 'स्टार' या वर्गातल्या पटसंख्येवरच्या प्रयोगाचा दाखला देतात. त्यात नेमकं काय निघालं?

त्रैराशिक: मदतनीसवाल्यांना तो दाखला देताच येणार नाही. टेनेसी राज्यात १९८५ मध्ये ७९ शाळांच्या बालवर्गांत प्रयोग सुरू झाला आणि तिसरीपर्यंत चार वर्षं चालला. वर्ग तीन प्रकारचे: १३ ते १७ मुलांचा, २२ ते २५ मुलांचा, आणि २२ ते २५ मुलं पण जोडीला पूर्णवेळ मदतनीस. मुलं आणि शिक्षक दोघांचीही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी. तिन्ही प्रकार एकाच शाळेत हवे होते, म्हणून इयत्तेत किमान ५७ मुलं (१३+२२+२२) असलेल्याच शाळा घेतल्या. लहान वर्गातली मुलं वाचन-गणितात सुमारे ०.२ प्रमाण विचलनाने (म्हणजे मुलामुलांच्या गुणांत एरवी जो फरक असतो, त्याच्या साधारण पाचव्या भागाने) पुढे गेली. गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. मदतनीसामुळे जवळजवळ काहीच फरक पडला नाही.

खडूफळा: आक्षेपही सांगायला हवेत. सुरुवातीला चाचणी घेतलीच नव्हती, तिसरीपर्यंत जवळपास निम्मी मुलं प्रयोगातून गळाली, काहींनी मध्येच वर्ग बदलला. अर्थशास्त्रज्ञ ॲलन क्रूगर यांनी १९९९ मध्ये मूळ वाटणी धरून पुन्हा हिशेब केला, फायदा टिकला. त्यातला मोठा भाग पहिल्याच वर्षी दिसला, म्हणून फोडायचंच तर पहिलीतच फोडा.

पाटीपेन्सिल: दुसऱ्या तुकडीसाठी शिक्षक कुठून आणायचा, हाच वाद आहे.

त्रैराशिक: तो वाद अगदी योग्य आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ पासून राज्यभर एकदम तिसरीपर्यंतचे वर्ग सुमारे ३० वरून २० वर आणले. प्रशिक्षित शिक्षक आणि खोल्या दोन्ही अपुऱ्या पडल्या, अर्धप्रशिक्षित माणसं वर्गावर आली; फायद्याचा काही भाग तिथेच गेला. शिक्षण हक्क कायद्यातलं ३० मुलांना एक शिक्षक हे प्रमाणही पुढे करू नका. ते शाळेच्या पटावर मोजतात. पट साठ असला तर पाच इयत्तांना दोनच शिक्षक, म्हणजे एकेका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता.

तुमच्याकडे १८-१८ होतील, स्टारच्या आकड्याच्या अगदी जवळ. वाटणी चिठ्ठ्या टाकून करा. हुशार एकीकडे आणि कच्ची दुसरीकडे केलीत, तर हा दाखला तुम्हालाही लागू राहणार नाही.