क्वोशंट ग्रुप आणि आठवडी बाजार

क्वोशंट ग्रुपमध्ये (ग्रुप म्हणजे बेरजेसारखी क्रिया असलेला संच; त्याचे ढीग करून बनणारा नवा ग्रुप तो क्वोशंट ग्रुप) नेमके काय ‘भागले’ जाते, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण व्याख्या पाठ करून तो सुटत नाही. आमच्या परभणीकडच्या खेड्यात बाजार गुरुवारी भरतो. गोऱ्हा विकायचा असलेला माणूस ‘बाजाराला किती दिवस’ एवढेच मोजतो, आणि आज सोमवार असेल तर ३, १० किंवा १०१ दिवसांनी त्याला गुरुवारच गाठ पडतो. पूर्ण आठवडे शून्यासमान मानले की सगळे पूर्णांक सात ढिगांत वाटले जातात आणि प्रत्येक ढीग हाच नव्या ग्रुपचा एक घटक होतो.

खरी गंमत पुढे आहे. ढिगातून कोणतीही संख्या उचला, बेरीज ठरलेल्या ढिगातच पडते : ३ अधिक २ म्हणजे ५; ३ च्या ढिगातला १० अधिक २ च्या ढिगातला ९ म्हणजे १९, त्यातून दोन आठवडे वजा केले की पुन्हा ५. तसेच ३ चा व्यस्त (ज्यात मिळवला की शून्य उरते तो घटक) ४, कारण दोन्ही मिळून आठवडा भरतो.

जिथे क्रियेचा क्रम बदलल्याने उत्तर बदलते, तिथे मात्र शून्यासमान मानायला कोणताही सबग्रुप (ग्रुपच्या आतला छोटा ग्रुप, जसे इथले पूर्ण आठवडे) चालत नाही, तो नॉर्मलच, म्हणजे डावीकडून किंवा उजवीकडून क्रिया केली तरी तेच ढीग देणारा, असावा लागतो. अन्यथा ढिगातून उचललेला घटक बदलताच उत्तर भलत्याच ढिगात जाऊ शकते. हा भेद फ्रेंच गणिती गाल्वाने १८३२ मधील आपल्या अखेरच्या पत्रात टिपला होता.