जुन्या कॅसेटमधील अभंगातून फक्त तबला वेगळा काढता येईल का?

केरवा_पंचवटी यांचा प्रश्न:

नमस्कार. पंचवटीतील एका महिला भजनी मंडळाला मी गेली चार वर्षे तबल्याची साथ करतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीमुळे गुरुजींकडे फक्त रविवारी सकाळी जाणे जमते आणि उरलेले सहा दिवस ध्वनिमुद्रणे ऐकून सराव करावा लागतो. गुरुजींनी अलीकडेच मला एक जुनी कॅसेट दिली. त्यांनीच तरुणपणी साथ केलेला सुमारे सहा मिनिटांचा एक अभंग तिच्यावर आहे. शेवटच्या दीड मिनिटात केरव्याची, म्हणजे आठ मात्रांच्या तालाची, लय चढते, गुरुजी लग्गी (जलद, खेळते बोल) सुरू करतात आणि नेमक्या त्याच वेळी सगळे कोरसमध्ये सामील होऊन टाळ असा काही वाजू लागतो की तबला बुडून जातो. ती लग्गी कुठून उचलली आहे हे मला दोन महिने कळलेले नाही. गुरुजींना विचारले तर ते म्हणतात, "ऐकून काढ."

म्हणून कॅसेट संगणकात उतरवून घेतली आणि वाद्ये वेगळी करून देणाऱ्या एका मोबाईल अ‍ॅपवर चढवली. त्याने गायन, ड्रम्स, बेस आणि इतर असे चार ट्रॅक दिले. तबला ड्रम्समध्ये असेल अशा समजुतीने तो ट्रॅक ऐकला, तर 'धा गे ना ती न क धी न' यांपैकी 'क' तेवढा स्वच्छ आला, 'ना' अर्धवट तुटलेला होता आणि 'गे' तर गायबच होता. तो नंतर बेसच्या ट्रॅकमध्ये सापडला. 'ती'चा नाद पेटीबरोबर 'इतर'मध्ये जाऊन बसला होता. टाळ मात्र ड्रम्समध्ये ठणठणीत!

हा दोष कॅसेटचा, अ‍ॅपचा की माझ्या वापरण्याच्या पद्धतीचा? माझ्या लॅपटॉपला आठ जीबी रॅम आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर याहून चांगले काही चालेल का? शिवाय उलट प्रकारे, म्हणजे तबला काढून टाकून उरलेल्या गाण्याबरोबर मला वाजवता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.


जुना_साउंडवाला यांचे उत्तर:

दोष तुमचाही नाही आणि कॅसेटचा तर फारच थोडा. या सॉफ्टवेअरला तबला नावाचे वाद्य शिकवलेलेच नाही, हे खरे कारण आहे. डीझर कंपनीने २०१९ मध्ये खुले केलेले स्प्लीटर असो किंवा फेसबुकच्या संशोधकांनी तयार केलेले डेमक्स असो, गायन, ड्रम्स, बेस आणि इतर ही वाटणी पाश्चात्त्य बँड डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. या क्षेत्रात अभ्यासासाठी सर्रास वापरला जाणारा एमयूएसडीबी१८ हा संग्रह घ्या. त्यात १५० गाणी, म्हणजे सुमारे दहा तासांचे संगीत आहे, आणि तेही बहुतांशी पाश्चात्त्य पॉप आणि रॉक. तिथे ड्रम म्हणजे स्वर नसलेला आघात आणि बेस म्हणजे खालच्या पट्टीतला सलग स्वर, असे समीकरण पक्के झालेले असते.

आता तबल्याकडे पाहा. शाईमुळे, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, त्याचे उपस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पटीत येतात आणि म्हणूनच तो षड्जात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचर नियतकालिकात याच विषयावर लिहिले होते. म्हणजे आघात संपल्यावर मागे जो नाद उरतो तो स्वर असतो, आणि तोही नेमका पेटी आणि तानपुरा ज्या षड्जावर आहेत त्याच षड्जाचा. सॉफ्टवेअर आघात ड्रम्सला देते आणि मागचा नाद 'इतर'मध्ये टाकते. डग्ग्याचा घुमारा खालच्या पट्टीत असतो, त्यातही मनगटाच्या दाबाने त्याला मींड दिली की तो अगदी बेस गिटारसारखा सरकतो, म्हणून तो बेसमध्ये जातो. तुमचा 'क' शाबूत राहिला, कारण तो बंद बोल आहे आणि त्याला मागे नादच नाही. आपण हे इतक्या बारकाईने ऐकलेत याचे कौतुक वाटते, कारण बहुतेक लोक "आवाज फाटतो" एवढेच लिहून मोकळे होतात.

वाद्ये वेगळी करणे म्हणजे सुपातले खडे निवडणे नव्हे. कपातल्या चहातून साखर परत काढण्याजवळ जाणारे हे काम आहे. म्हणून चार ट्रॅक मागून त्यांत तबला शोधत बसू नका. या सर्व सॉफ्टवेअरना सर्वांत चांगले जमते ते गायन ओळखणे. तेवढेच काढा आणि उरलेले तिन्ही ट्रॅक एकत्रच ठेवा. कोरस खाली गेला की तबला आपोआप वर येतो, आणि त्याचे तुकडे न झाल्यामुळे 'ना' आणि 'ती' अखंड राहतात. गायनसुद्धा संपूर्ण पुसू नका, अंदाजे बारा डेसिबलने खाली आणा. पूर्ण पुसले की पाण्याखालून आल्यासारखा जो खळखळाट ऐकू येतो, तो थोडे गायन शिल्लक ठेवल्यास झाकला जातो.

टाळ हा निराळाच त्रास आहे. त्याची झणझण वरच्या कंपनसंख्यांत पसरलेली असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग कमी केला तर टाळ बोथट होतो, पण चाटेवरच्या (पुडीच्या काठावरच्या) 'ना'ची धारही थोडी जाते. तो सौदा मान्य करावा लागेल. बेसचा ट्रॅक मात्र फेकून देऊ नका. टाळ आणि कोरस यांपैकी काहीही त्यात फारसे शिरत नाही, त्यामुळे डग्ग्याची जागा शोधायला तोच सर्वांत उपयोगी पडेल.

लॅपटॉपची चिंता नको. अल्टिमेट व्होकल रिमूव्हर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात डेमक्स आयते मिळते. ग्राफिक्स कार्डाशिवाय डेमक्सला गाण्याच्या साधारण दीडपट वेळ लागतो, असे त्याचे निर्मातेच सांगतात, म्हणजे सहा मिनिटांच्या अभंगाला नऊ-दहा मिनिटे. लॅपटॉप जुना असेल तर याहून जास्त लागतील, तेवढ्यात चहा होतो. स्मृती अपुरी पडल्याची सूचना आली तर तुकड्यांची लांबी कमी करण्याची सोय त्यात आहे. डेमक्समध्ये दोनच ट्रॅक मागण्याचा पर्याय निवडल्याने वेळ वाचत नाही, कारण आत ते चारही ट्रॅक काढते आणि मग तीन एकत्र करून देते.

एक गोष्ट मात्र आधी करा. जुने टेप डेक बहुधा किंचित जलद किंवा संथ चालतात. पेटी कोणत्याच पट्टीशी जुळत नसेल, म्हणजे काळी चार आणि पांढरी सहा यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल, तर प्रथम वेग दुरुस्त करा आणि मगच वाद्ये वेगळी करा. नाहीतर तुमचा तबला त्या ध्वनिमुद्रणाबरोबर कधीच लागणार नाही. खरखर काढण्याचा मोह मात्र आधी टाळा. ती साफ करताना बोलांच्या कडाही खरवडल्या जातात, असा माझा अनुभव आहे. आणि एमपी३ नको, कॅसेट पुन्हा डब्ल्यूएव्हीमध्येच उतरवा.


विलंबित यांचे उत्तर:

मी गंगापूर रोडला गेली अनेक वर्षे तबला शिकवतो. वरील उत्तरातील तांत्रिक भाग मला पूर्णपणे समजला असे म्हणणार नाही, परंतु माझे दोन विद्यार्थी असेच ट्रॅक काढून आणतात, त्यावरून काही सांगावेसे वाटते.

अशा ट्रॅकवरून बोल कधी पडतो हे शिकावे, बोल कसा वाजतो हे शिकू नये. माझ्या एका विद्यार्थ्याने वेगळा काढलेला तबला महिनाभर ऐकला आणि त्याचा 'ना' हळूहळू कोरडा, टिचक्यासारखा होऊ लागला. मला प्रथम वाटले की बोटाची जागा सरकली आहे. मग त्याने मोबाईलवर तो ट्रॅक ऐकवला आणि उलगडा झाला. संगणकाने 'ना'मागची आस (मागे रेंगाळणारा नाद) कापून टाकली होती आणि मुलगा त्या कापलेल्या 'ना'ची प्रामाणिकपणे नक्कल करत होता. निकासासाठी, म्हणजे बोल हातातून कसा निघतो हे शिकण्यासाठी, मूळ ध्वनिमुद्रणच ऐकावे, ते कितीही बुडालेले असले तरी.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे तबला काढून त्या गाण्याबरोबर वाजवण्याबद्दल, माझे मत प्रतिकूल आहे. तबला पूर्णपणे निघत नाही, त्याची सावली मागे उरते, आणि आपण त्या सावलीच्या आधाराने वाजवू लागतो. लय आपल्या हातात आहे असा भास होतो, प्रत्यक्षात ती त्या सावलीच्या हातात असते. त्यापेक्षा मंडळातील पेटी वाजवणाऱ्या ताईंना विनंती करून तोच अभंग तबल्याविना, हाताने ताल देत, दहा मिनिटे मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्यावा. पट्टी आपलीच राहील, आणि मंडळाची लय जिथे नेहमी धावते तिथेच ती धावेल. साथ शेवटी त्यांनाच करायची आहे ना? लग्गीचे हात घोटण्यासाठी मात्र साधा लेहरा (आवर्तनभर फिरत राहणारी पेटीची धून) पुरेसा आहे.

आपले गुरुजी "ऐकून काढ" म्हणाले त्याचा राग मानू नये. संथ करून ऐकणे हेही ऐकणेच आहे. पट्टी न बदलता लय सत्तर टक्क्यांवर आणा आणि एकेक आवर्तन फिरवत ठेवा.


गोदाकाठ यांचे उत्तर:

याच संदर्भात माझा एक फसलेला प्रयोग नोंदवतो. पिंपळपारावरील पाडवा पहाटेला मागच्या रांगेत बसून मोबाईलवर केलेले ध्वनिमुद्रण मी याच पद्धतीने वेगळे करून पाहिले. हाती काहीच लागले नाही. मंचावरचे सगळे आवाज लाउडस्पीकरमधून एकत्र होऊन येतात, आजूबाजूच्या घरांच्या भिंतींवरून त्यांचे प्रतिध्वनी येतात, आणि माझ्या शेजारच्या आजोबांची दाद तर सॉफ्टवेअरने मुख्य गायन म्हणून वेगळी काढून दिली. कॅसेटवरचे ध्वनिमुद्रण माइकजवळचे असेल तर तुमचे काम यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

कायद्याबाबत कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ खासगी वापरासाठीच्या न्याय्य वापराला मुभा देते. घरच्या सरावासाठी हे ठीक आहे, पण वेगळे केलेले ट्रॅक यूट्यूबवर चढवू नयेत.


केरवा_पंचवटी यांचे प्रत्युत्तर:

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कॅसेट पुन्हा उतरवली. डेक खरोखरच जलद चालत होता. वेग कमी केल्यावर पेटी नेमकी काळी चारला आली. माझ्या लॅपटॉपने सोळा मिनिटे घेतली आणि पंखा असा काही घरघरला की सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून चौकशी केली.

गायन खाली आणल्यावर लग्गी बरीच उघडी पडली, तरी सुरुवातीची जागा टाळाखालीच राहिली होती. शेवटी फक्त बेसचा ट्रॅक लावला, लय सत्तर टक्क्यांवर आणली आणि हाताने मात्रा मोजत डग्गा ऐकला. मी आजवर ही लग्गी समेपासून (पहिल्या मात्रेपासून) उचलत होतो. गुरुजी ती पाचव्या मात्रेवर, कोरसच्या शब्दाच्या आधी उचलतात आणि पहिली तीन आवर्तने डग्गा जवळजवळ झाकूनच वाजवतात. म्हणून ती लग्गी ऐकू येत नव्हती. बुडाली होती ती टाळामुळे कमी आणि त्यांनी मुद्दाम दाबून ठेवल्यामुळे जास्त.

पेटीवाल्या ताई गुरुवारी भजनानंतर ध्वनिमुद्रण करून देणार आहेत. तोपर्यंत एक शंका उरते. त्या तीन आवर्तनांत डाव्या हाताचे मनगट शाईवर टेकलेले असेल की मैदानावर, म्हणजे शाईभोवतीच्या मोकळ्या चामड्यावर? विलंबित सरांनी सांगितले तर बरे होईल, कारण ट्रॅकवरून हे शिकायचे नाही असे त्यांनीच बजावले आहे.


विलंबित यांचे उत्तर:

मनगट शाईच्या मागे मैदानावर टेकवावे, तळवा जड ठेवावा आणि बोटे शाईच्या पुढे पडू द्यावीत. पण रविवारी गुरुजींसमोर एकदा वाजवून दाखवा. हात त्यांचा आहे, ते काय करत होते हे त्यांनाच ठाऊक.