मदत हवी आहे: न्यू जर्सीतल्या छोट्या उपाहारगृहासाठी भारतातून कायमस्वरूपी आचारी आणायचा आहे

कटाची आमटी | १६ नोव्हेंबर २०२५

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा एडिसनजवळ एक छोटं मराठी उपाहारगृह चालवतो. सहावं वर्ष आहे. आम्ही दोघं, कामाला चार माणसं आणि सणासुदीला सासूबाई, एवढाच पसारा. सासूबाईंच्या मनगटाचं ऑपरेशन झालं आणि पुरणपोळी बंद पडली. यंदा गणपतीत लोक फोन करून विचारत होते आणि मी प्रत्येकाला नाही म्हणत होते. दुकानाच्या पाटीवर पुरणपोळीचं चित्र आहे, त्यामुळे फार जीवावर आलं.

नवरा पुण्यात शिकायला असताना ज्या मेसमध्ये जेवायचा, तिथले आचारी मामा आता अडतीस वर्षांचे आहेत. तेरा वर्षं हेच काम करतात. पुरण शिजवण्यापासून मांडे लाटण्यापर्यंत सगळं येतं. त्यांना इथे यायचं आहे. बायको आहे, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. दोन वर्षांपुरतं बोलावून परत पाठवणं आम्हाला नको आहे. यावं तर कुटुंबासकट आणि कायमचं, ग्रीन कार्डावर.

आता अडचण. ओळखीच्या एका सल्लागाराने सांगितलं की खर्च मामांकडूनच घ्या, सगळे तसंच करतात. पेपरातली जाहिरात अशी द्या की कोणी अर्जच करणार नाही, असंही तो म्हणाला. दुसरीकडे पुण्यातल्या एका एजंटाने मामांकडे परस्पर सहा लाख मागितले. हे ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. मामांकडे सहा लाख नाहीत, ते कर्ज काढतील आणि ते आमच्यापायी काढलेलं कर्ज असेल.

मला विचारायचंय की मालकाने हे नीट, कायद्याने कसं करायचं? जाहिरातीत ‘मराठी येणं आवश्यक’ लिहिता येतं का? सप्टेंबरात व्हिसासाठी एक लाख डॉलर भरायचं जाहीर झालं, ते आम्हालाही लागू आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मामांना किती वर्षं थांबावं लागेल?

रारिटनकाठ | १६ नोव्हेंबर २०२५

ताई, एक लाख डॉलरची भीती आधी काढून टाका. तो आदेश एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी आहे. आचाऱ्याला एच-१बी तसाही मिळत नाही, कारण त्यासाठी पदवी लागणारं काम असावं लागतं. एच-२बी हंगामी किंवा तात्पुरत्या कामासाठी असतो आणि तुमचं काम बारमाही आहे. म्हणजे तुमचा रस्ता ‘पर्म’ लेबर सर्टिफिकेशन (लेबर खात्याचा दाखला), मग आय-१४० (मालकाने इमिग्रेशन खात्याकडे करायचा अर्ज), मग ग्रीन कार्ड, असा आहे. मी एका छोट्या कंपनीत माणसं भरण्याचं काम बघते आणि या फाइली हाताने केल्या आहेत. रात्री सविस्तर लिहिते.

सोलापुरी चादर | १६ नोव्हेंबर २०२५

त्या एजंटाचं आधी बघा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. सहा लाख कुठून आले? मामांना सांगा, नोंदणी क्रमांक मागा आणि भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. माझ्या चुलतभावाने आखातात जाताना हे केलं नाही. जमीन विकून फेडतोय अजून.

रारिटनकाठ | १६ नोव्हेंबर २०२५

आता सविस्तर.

लेबर खात्याला तुम्ही दोन गोष्टी सिद्ध करून द्यायच्या असतात. या भागात, या पगारात, हे काम करायला पात्र आणि तयार असा अमेरिकन कामगार मिळाला नाही, आणि तुमच्यामुळे इथल्या कामगारांचा पगार पडत नाही. अमेरिकन कामगार म्हणजे फक्त नागरिक नव्हे. ग्रीन कार्डवाले, निर्वासित, आश्रय मिळालेले, सगळे त्यात आले.

पहिली पायरी म्हणजे खात्याकडून त्या कामाचा, त्या भागातला प्रचलित पगार ठरवून घेणं. त्यातच सहा महिने सहज जातात. त्यापेक्षा कमी पगार देता येत नाही, म्हणून हा आकडा बघून मगच पुढे जायचं की नाही ते ठरवा. मग भरतीचा प्रयत्न. आचाऱ्याचं काम पदवीच्या कामांत मोडत नाही, त्यामुळे तुम्हाला तीन गोष्टी लागतील. राज्याच्या रोजगार कार्यालयात ३० दिवस जागेची नोंद, दोन वेगवेगळ्या रविवारी पेपरात जाहिरात, आणि तुमच्या स्वयंपाकघरात, कामगारांना दिसेल अशा जागी, सलग १० कामाचे दिवस सूचना. त्या सूचनेत पगार लिहावाच लागतो. पदवीच्या नोकऱ्यांना याशिवाय आणखी तीन मार्ग लागतात, ते तुम्हाला नाहीत. सगळं अर्जाच्या आधी १८० दिवसांच्या आत केलेलं हवं आणि भरती संपल्यावर साधारण महिनाभर थांबून मगच अर्ज. कागद पाच वर्षं जपून ठेवा, कारण ऑडिट कधीही येऊ शकतं.

‘कोणी अर्ज करणार नाही अशी जाहिरात’ हा सल्ला ऐकू नका, हात जोडून सांगते. भरती खरी असली पाहिजे. पर्मच्या जागांसाठी अर्ज करणं मुद्दाम अवघड केलं म्हणून न्याय खात्याने फेसबुकवर कारवाई केली आणि २०२१ मध्ये १ कोटी ४२.५ लाख डॉलरपर्यंतची तडजोड झाली. २०२३ मध्ये अ‍ॅपलची अडीच कोटी डॉलरपर्यंतची. आलेले अर्ज तुम्ही स्वतः वाचायचे, वकिलाने नाही. आणि पुरणपोळी येणारी एखादी ग्रीन कार्डवाली ताई आली, पगारही तिला पटला, तर तिला नाकारता येणार नाही. तुमची गरज भागते, पण या जागेवर मामांचा अर्ज होत नाही. मनाची तयारी असू द्या.

खर्चाचं सांगते. लेबर सर्टिफिकेशनचा वकील, जाहिरात, सगळा खर्च मालकाचा. जुलै २००७ पासून हा नियम आहे. मामांकडून तो खर्च घेता येत नाही, पगारातून कापताही येत नाही. सल्लागार बदला. पर्मच्या अर्जाला सरकारी फी नाही. पुढे आय-१४० ला ७१५ डॉलर, आणि २५ किंवा कमी माणसं असलेल्या मालकाला वर ३०० डॉलर.

कटाची आमटी | १७ नोव्हेंबर २०२५

रारिटनकाठ ताई, किती मनापासून लिहिलंत. सल्लागाराला आज सकाळीच नाही सांगितलं. मामांना फोन करून एजंटाला एक पैसाही देऊ नका म्हणून बजावलं. देवाच्या कृपेने अजून दिला नव्हता.

पेपराचा प्रश्न आहे. स्टार-लेजरची छापील आवृत्ती फेब्रुवारीत बंद झाली. मग रविवारची जाहिरात कुठे? आणि मराठीच्या अटीचं काय?

रारिटनकाठ | १७ नोव्हेंबर २०२५

तुमच्या भागात सर्वसाधारण खपाचं, रविवारी छापून येणारं दैनिक हवं. ते फक्त स्टार-लेजरच असावं असं काही नाही. जिल्ह्याची दैनिकं आहेत. पानाचं मूळ कात्रण तारखेसकट ठेवा.

मराठीची अट टाकू नका. परकी भाषा मागायची तर धंद्याची गरज सिद्ध करावी लागते. चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला गिऱ्हाइकाशी बोलायचं नसेल तर ती सिद्ध होणं कठीण. पदार्थ लिहा, भाषा नको. अनुभवाची अटही त्या कामाला साधारण लागते तेवढीच हवी, नाहीतर तिचंही कारण मागतात. दोन वर्षांची अट बसली तर ते कुशल कामगारांत मोडतात, त्याखाली ‘इतर कामगार’. हे वकिलाकडून आधी पक्कं करून घ्या. अर्ज गेल्यावर मागे फिरून अट बदलता येत नाही.

नोंदवही | १७ नोव्हेंबर २०२५

मी हिशेबाचं काम करतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. माझ्या डोळ्यांदेखत दोन उपाहारगृहांच्या फाइली याच कारणावरून अडकल्या.

आय-१४० ला मालकाला दाखवावं लागतं की ठरलेला पगार द्यायची आपली ऐपत आहे. ती पर्मचा अर्ज ज्या दिवशी गेला त्या दिवसापासून माणसाला ग्रीन कार्ड मिळेपर्यंत हवी. मामा पुण्यात बसलेले असले, तुम्ही त्यांना एक डॉलर देत नसलात, तरी. तपासणारा बघतो की कर विवरणपत्रातलं निव्वळ उत्पन्न त्या पगाराएवढं आहे का. नसेल तर निव्वळ चालू मालमत्ता (रोख, येणी वगैरेतून लवकर फेडायची देणी वजा करून उरते ती) तेवढी आहे का. माणूस आधीच तुमच्याकडे त्या पगारावर काम करत असेल तर तो पुरावा चालतो, पण मामांच्या बाबतीत तो नाही.

आपले छोटे धंदेवाले काय करतात? कर वाचवायला सगळा नफा खर्चात घालून उत्पन्न शून्याशी आणतात. मग याच विवरणपत्राच्या जोरावर पगाराची ऐपत सिद्ध करायला जातात. दोन्ही एकदम होत नाही. धंदा एकट्याच्या नावावर असेल तर घरची मिळकत आणि मालमत्ताही विचारात घेतात, कंपनी असेल तर मालकाच्या खासगी पैशाकडे बघत नाहीत. तुमचं काय आहे? कंपनी असेल तर यंदाचं विवरणपत्र भरण्याआधी कोणाला तरी दाखवा.

मोगरा बे एरिया | १८ नोव्हेंबर २०२५

प्रतीक्षेचं कोणी स्पष्ट बोललं नाही, म्हणून मी बोलते. वाईट वाटेल, पण आत्ताच कळलेलं बरं.

पर्मच्या निर्णयालाच सध्या वर्षाहून जास्त लागतंय. त्यानंतर खरी रांग. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. मोजतात जन्माचा देश, नागरिकत्व नाही. भारतात जन्मलेल्यांची ईबी-३ ची (कुशल आणि इतर कामगारांच्या गटाची) अंतिम तारीख या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, अजून २०१३ मध्येच आहे. म्हणजे आज ज्यांचा नंबर लागतोय ते बारा वर्षांपूर्वी उभे राहिले. आज उभं राहणाऱ्याला बाराच लागतील असंही नाही, जास्त लागू शकतात. माझी स्वतःची रांगेतली तारीख २०१४ ची आहे.

मामांच्या बायकोचा जन्म भारताबाहेरचा आहे का? असेल तर तिच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. आणि मुलीचं वय बघा. २१ पूर्ण झाली की ती आईवडिलांबरोबर येऊ शकत नाही. आय-१४० विचाराधीन असतानाचे दिवस वयातून वजा होतात, पण तेवढ्याने नऊ वर्षांच्या मुलीला पुरेल असं मला वाटत नाही.

कटाची आमटी | २० नोव्हेंबर २०२५

दोन दिवस लिहायचं धाडस झालं नाही. मामा आणि त्यांची बायको दोघंही मिरजेचे, त्यामुळे ती वाट बंद.

काल मामांशी तासभर बोलले. त्यांनी पहिलं विचारलं, “अर्ज टाकला म्हणून इथलं काम सोडायचं का?” मी नाही म्हटलं. मग मुलीचं सांगितलं. बराच वेळ फोनवर फक्त मेसमधल्या भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “धाकटा येऊ शकेल आणि थोरली नाही, हे मी तिच्या आईला कसं सांगू?” मला उत्तर आलं नाही. संक्रांतीपर्यंत विचार करून सांगतो म्हणालेत. तोवर मी त्यांना अर्जासाठी एका शब्दाने गळ घालणार नाही.

नोंदवही, आमची कंपनी आहे आणि तुम्ही लिहिलंत तेच आम्ही दरवर्षी करत आलो. डोळे उघडले. विवरणपत्र आता दुसऱ्याला दाखवते आहे. मामांचं ठरेपर्यंत आचाऱ्याची जाहिरात इथे साधी, खरी म्हणून देणार आहोत, पर्मसाठी नाही. मुळात आधी इथे शोधायला हवं होतं, ते आम्ही केलंच नव्हतं.

एक प्रश्न राहिला. मामांनी ‘हो’ म्हटलं तर अनुभवाचं पत्र लागेल. पहिली आठ वर्षं ज्या मेसमध्ये काढली ती बंद झाली, मालक वारले. पगार रोख मिळायचा. काय करायचं?

रारिटनकाठ | २१ नोव्हेंबर २०२५

मामांशी बोललात हे फार बरं केलंत. बहुतेक मालक तेवढंच टाळतात. आणि ते ‘हो’ म्हणाले तर एवढं सांगा, की आय-१४० मंजूर झाल्यावर रांगेतली तारीख त्यांची स्वतःची होते. पुढे दुसऱ्या मालकाने नवा अर्ज केला तरी ती सहसा टिकते. तुमचा धंदा बंद पडला तरी त्यांची वर्षं वाया जाऊ नयेत, म्हणून हे माहीत असायला हवं.

पत्राचं. सध्याच्या मेसमधली पाच वर्षं आहेत ना? मालकाकडून नाव, पत्ता, हुद्दा, तारखा आणि रोजच्या कामाचं वर्णन असलेलं पत्र आत्ताच घ्या. दोन वर्षांच्या अटीला ते पुरतं, बंद पडलेल्या मेसची गरजच पडणार नाही. तरी हाताशी असावं म्हणून तिथे सोबत काम केलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा, आणि मेस बंद झाल्याचा एखादा कागद. तुमच्या यजमानांकडे तेव्हाची मेसची कार्डं असतील तर शोधा, मामा तिथे होते हे त्यावरून ठरणार नाही, पण मेस होती हे तरी दिसेल.

कटाची आमटी | २१ नोव्हेंबर २०२५

नवरा आत्ता माळ्यावर चढलाय. त्याच्या कॉलेजच्या ट्रंकेत कार्डं आहेत म्हणतो. सापडली की इथे कळवते.